ट्रेलरवरून उतरवलेली मोटरबोट पावसाळाभर कशावर टेकवून ठेवावी?

प्रश्न : दाभोळखाडी

नमस्कार. आमच्याकडे १७ फूट लांबीची, व्ही आकाराच्या तळाची फायबरची मोटरबोट असून तिला मागे ६० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. ती वर्षभर ट्रेलरवरच असते. मात्र खाऱ्या पाण्यात सतत उतरवल्यामुळे ट्रेलरचा आस आणि पाटे इतके गंजले आहेत की, या पावसाळ्यात तो पूर्ण सुटा करून दुरुस्तीला द्यावा लागणार आहे. म्हणजे जून ते सप्टेंबर बोट अंगणात ट्रेलरशिवाय ठेवावी लागेल. अंगण जांभ्याच्या मातीचे आहे आणि त्याला एका बाजूला थोडा उतार आहे. आमच्या गवंड्यांनी बोटीच्या चार कोपऱ्यांखाली चिऱ्यांचे चार खांब रचण्याचे सुचवले आहे. चार महिने असा भार सोसल्यास तळ दबेल का, आणि क्रेन आत येण्याएवढी वाट नसताना बोट ट्रेलरवरून सुरक्षितपणे उतरवावी कशी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : फायबरकाम_रत्नागिरी

चार कोपऱ्यांवर बोट ठेवू नये, हे सर्वांत आधी सांगतो. फायबरच्या बोटीचा भार कील (तळाच्या मधोमध जाणारा लांब कणा) आणि ट्रान्सम (इंजिन बसवतात ती मागची उभी भिंत) यांनी घ्यायचा असतो, कारण तळाचा सर्वांत जाड आणि ताठ भाग तोच असतो. बाजूचे टेकू बोट कलंडू नये एवढ्यासाठीच असतात. ते हाताने ठोकून घट्ट बसावेत, पण त्यांच्यावर बोटीचे वजन येऊ नये. कोपऱ्यांवर वजन दिले की तिथला पातळ पत्रा हळूहळू आत दबतो, आणि महिनोन्महिने तसाच दबलेला राहिला तर टेकू काढल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. त्या जागी जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात.

आपल्या बोटीचे मागचे टोक सर्वांत जड आहे, कारण ६० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिनच सुमारे ११० किलोचे असते. म्हणून मागचा आधार नेमका ट्रान्समच्या खाली हवा. तो फूटभर जरी पुढे सरकला, तरी मागचा भाग अधांतरी लोंबतो आणि तळाला त्या आधाराजवळ बाक येतो. असा बाक आलेली बोट पुढे वेगात नाक खाली घालून पळते आणि तो दोष काढणे फार खर्चाचे असते. दुसरा आधार कीलच्या मध्यावर आणि तिसरा नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जिथे कील वर वळायला लागते त्याच्या थोडा अलीकडे द्यावा. आत आडव्या भिंती आणि स्ट्रिंगर (तळाला ताठपणा देणाऱ्या लांब पट्ट्या) कुठे आहेत ते आधी पाहून बाजूचे टेकू त्यांच्याच रेषेत लावावेत. टेकूच्या माथ्यावर निदान एक फूट बाय एक फुटाची फळी आणि तिच्यावर रबर असावे. गालिचा लावू नये, कारण तो ओला राहून जेलकोटला फोड आणतो.

उतरवण्यासाठी क्रेनची गरज नाही. चाकांना पुढून-मागून उटी लावून ट्रेलरची दांडी जमिनीपर्यंत खाली घ्यावी. नाळ खाली जाते, ट्रान्सम वर उचलला जातो, आणि त्याच वेळी त्याखाली ठोकळे रचावेत. मग दांडी जॅकने सावकाश वर घ्यावी, म्हणजे बोटीची मागची बाजू ठोकळ्यांवर बसते आणि ट्रेलर तिच्याखालून सुटतो. ट्रेलर पुढे ओढताना बोटही त्याच्याबरोबर पुढे येऊ पाहते, यासाठी तिचा मागचा भाग एखाद्या भक्कम झाडाला दोराने बांधावा. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घेण्याच्या चरकाचा) पट्टा एकदम सोडू नये, ट्रेलर जसा सरकेल तसा ढिला करावा. ट्रेलरची प्रत्येक आडवी पट्टी पुढे गेली की तिच्या मागच्या मोकळ्या जागेत लगेच कीलखाली ठोकळा आणि दोन्ही बाजूंना टेकू द्यावा. नाळेची बाजू शेवटी जॅकवर घ्यावी, जॅक आणि कील यांच्यामध्ये जाड लाकूड ठेवावे. हे सारे चालू असताना कोणीही, हातसुद्धा, बोटीखाली घालू नये. जॅक हा फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.

उत्तर : सर्जेकोट

वरील मार्गदर्शन योग्यच आहे. मी मासेमारी करणाऱ्या घरातला असल्यामुळे जमीन आणि पाऊस यांविषयी लिहितो. आमच्याकडे १ जूनच्या मासेमारीबंदीआधी होड्या वर ओढून शाकारतात, तेव्हा जाणते लोक पठाणाखालच्या (कीलखालच्या) लाकडाइतकेच त्या लाकडाखालच्या जमिनीकडे लक्ष देतात. मे महिन्यात दगडासारखी वाटणारी माती जुलैमध्ये टाच दाबली तरी खचते. म्हणून ठोकळा थेट मातीवर ठेवू नये. खाली दोन-दोन फुटांच्या जाड फळ्या आडव्या-उभ्या घालाव्यात, उताराच्या बाजूने पाणी बोटीखाली येऊ नये म्हणून वरच्या अंगाला चर खणावा आणि पागोळ्यांपासून बोट दूर ठेवावी.

चिरा पायथ्याला चालेल, पण माथ्याला नको. त्याच्या कडेवर भार आला की कोपरा निखळतो. पोकळ सिमेंट ब्लॉकही टाळावेत, कारण ते तडा जाताना आधी इशारा देत नाहीत. ऐन, किंजळ किंवा जुने रेल्वे स्लीपर उत्तम. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, पण चार महिन्यांच्या ओलीत आणि वाळवीत त्याचा भरवसा नाही. लाकडे आडवी-उभी रचावीत, एकावर एक उभी करू नयेत.

ताडपत्रीचा दोर टेकूंना कधीही बांधू नये. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की ती नेमका टेकूच ओढून काढते. दोर बोटीच्या पोटाखालून फिरवून बांधावा. समोरासमोरचे दोन टेकू मात्र बोटीखालून साखळीने एकमेकांना जखडावेत, म्हणजे ते बाहेर सरकत नाहीत. शिवाय बोट स्वतंत्र दोरांनी जमिनीतल्या खुंटांना बांधावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, म्हणजे होड्या वर काढण्याच्या नेमक्या दिवसांत, हे लक्षात असू द्यावे.

पुन्हा : दाभोळखाडी

आपण दोघांनीही इतक्या आत्मीयतेने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. चिऱ्यांच्या खांबांचा विचार सोडून दिला आहे. दोन शंका उरतात. शेजारी ट्रकचे जुने टायर द्यायला तयार आहेत, ते लाकडाऐवजी चालतील का? आणि इंजिन काढावे की बोटीवरच ठेवावे?

उत्तर : जुना_इंजिनवाला

टायरविषयी मतभेद असतात, माझे मत प्रतिकूल आहे. लहान, हलक्या डिंगीला ते चालतात, पण इंजिनासह पाच-सहाशे किलोंच्या बोटीखाली ते सारखे दबत नाहीत, बोट किंचित हलत राहते आणि बाजूचे टेकू सैल होतात. त्यांत साचणाऱ्या पाण्यात डास होतात, तो त्रास वेगळाच.

इंजिन काढून घरात स्टँडवर उभे ठेवता आले तर अवश्य काढावे. ट्रान्समवरचा भार तेवढा कमी होतो. ते ठेवायचेच असेल, तर वर उचललेल्या स्थितीत ठेवू नये, खाली उभे सोडावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. त्यासाठी इंजिनाचे पाते जमिनीपासून सुटे राहील एवढी ठोकळ्यांची उंची आधीच मोजून ठरवावी. नंतर उंची वाढवणे म्हणजे पुन्हा सगळी बोट उचलणे.

तळाचा ड्रेन प्लग (पाणी सोडण्याच्या भोकाचे बूच) काढून, त्याला दोरी ओवून चावीजवळ अडकवावा आणि नाळ मागच्या बाजूपेक्षा थोडी उंच ठेवावी. पाण्याच्या वजनाचा अंदाज पुष्कळांना नसतो. आपल्या बोटीचा उघडा भाग आठ चौरस मीटर धरला, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यात ८०० लिटर, म्हणजे ८०० किलो पाणी साचू शकते. कोकणात जुलैमध्ये एवढा पाऊस एका दिवसात पडतो. पालापाचोळ्याने ते भोक बुजले, तर आपण काळजीपूर्वक रचलेल्या ठोकळ्यांवर दुपटीहून अधिक भार येईल. म्हणून भोकाला आतून जाळी लावावी.

पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी प्रत्येक टेकू हाताने हलवून पाहावा, सैल असेल तिथे पाचर ठोकावी, मात्र एका बाजूची पाचर ठोकताना समोरची बाजूही तपासावी. आतल्या कप्प्यांची झाकणे पूर्वी सहज लागत होती आणि आता अडकू लागली, तर बोटीला पीळ पडतो आहे असे समजून आधार लगेच नीट करावेत.

ट्रेलर दुरुस्त होऊन आला की बोट चढवण्याआधी त्याच्या, बोट जिच्यावर टेकते त्या लाकडी पट्ट्या कुठे संपतात ते मोजून घ्यावे. पुष्कळ ट्रेलरांवर त्या ट्रान्समच्या आधीच संपतात, म्हणजे वर सांगितलेला बाक तिथेही येऊ शकतो. गॅरेजमध्ये आस बदलत असतानाच त्या मागे वाढवून घेतल्या, तर ते काम फार मोठे नाही.