विमान देखभाल कंपनीसोबत पायलट प्रोजेक्ट (प्रायोगिक चाचणी): करारात काय लिहून घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मित्र, दोघेही कुडाळचे. एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. धातूच्या सांध्यात ओल आणि मीठ किती वेळ टिकून राहिलं हे मोजणारा सेन्सर आम्ही बनवला आहे. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे पोखरतात हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. वेंगुर्ला, मालवण, देवगड, जिथे ओळखीचं घर तिथे सेन्सरच्या पट्ट्या लावून चाचण्या केल्या.

विमानात हाच गंज जिवावर बेततो. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्पर हवेतच उडालं, एक हवाई सेविका गेली. पत्र्यांच्या जोडातला गंज आणि धातूचा थकवा त्याला कारण होता. रिव्हेटभोवतीचा (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांभोवतीचा) गंज रंगाखाली वाढतो, पॅनेल उघडल्याशिवाय कळत नाही. तो आधी कळावा यासाठीच आमची धडपड आहे.

विमान देखभालीतल्या एका मोठ्या कंपनीने रस दाखवलाय. अटी अशा: पायलट प्रोजेक्ट फुकट, सगळा डेटा त्यांचा, दरम्यान झालेल्या सुधारणांची मालकीही त्यांची. पुढे खरेदी करतील असं कुठेच लिहिलेलं नाही. एअरबसची बंगळुरूची बिझलॅब (स्टार्टअपना मदत करणारं केंद्र), इंडिगोचा ६०० कोटींचा व्हेंचर फंड, हे सगळं वाचलंय. पण आम्हाला आत्ता गुंतवणूकदारापेक्षा पैसे मोजणारं पहिलं गिऱ्हाईक हवंय. सही करावी का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
अहो, इतक्यात सही करू नका. आधी तात्पुरता पेटंट अर्ज टाका. स्टार्टअपला शुल्कात ८० टक्के सवलत आहे, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आतलं सर्किट त्यानंतरच दाखवा. तुमचं आधीचं तंत्रज्ञान कोणतं ते कराराच्या जोडपत्रात लिहा. सुधारणा वापरायचा हक्क त्यांना द्या, मालकी नको. डेटाची प्रत तुम्हालाही मिळाली पाहिजे.

फी थोडी घ्या, पण घ्याच. पैसे मोजले की त्यांच्याकडचा कुणीतरी त्या कामाला जबाबदार होतो. फुकटचं यंत्र कपाटात पडून राहतं, हे मी देखभालीत असताना पाहिलंय. लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेवा, म्हणजे एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांत पैसे मागता येतील.

आणि थेट विमानावर जाऊ नका. तिथे साधी पट्टी कायमची बसवायची तरी डिझाइन बदलाची मंजुरी लागते, त्यात लहान कंपनी दमते. विमानतळावरच्या शिड्या, टो-बार (विमान ओढायचे दांडे), सामानाच्या ट्रॉल्या उघड्यावरच असतात, गंजतातही, आणि त्यांना उड्डाणयोग्यतेची मंजुरी लागत नाही. तिथले आकडे हातात आले की बोलणी बरोबरीने होतील.

धागाकर्ता:
मनापासून आभार, दादा. शिड्यांचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. चिपी विमानतळ जवळच आहे, तिथे विचारतो. पेटंट अर्जाचा मसुदा आजच लिहायला घेतोय. जोडपत्र तपासून देईल असा वकील रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाच्या माहितीत आहे का? नसेल तर कोल्हापूर, पणजीही चालेल.