एक आजी पडल्या म्हणून सगळ्यांची बाग बंद करावी का?

धागाकर्ती

माझे वडील 81 वर्षांचे असून गेली अडीच वर्षे एका ज्येष्ठ नागरिक निवासात राहतात. मागच्या महिन्यात तेथील एक आजी संध्याकाळी बागेत पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी सूचना फलकावर कागद लागला: बागकाम गट पुढील सूचनेपर्यंत बंद, संध्याकाळचे फिरणे मदतनीस सोबत असेल तरच, आणि सकाळचा व्यायाम यापुढे सभागृहात खुर्चीवर बसून. निर्णय घेण्यापूर्वी एकाही रहिवाशाला विचारले गेले नाही.

आजी ज्या वाटेवर पडल्या त्या वाटेवर पाण्याची नळी आडवी पसरलेली होती. ती रोजच तशी पसरलेली असते, हे वडिलांनी कार्यालयात त्याआधी दोनदा कळवले होते. नळी गुंडाळून अडकवायला भिंतीत एक खुंटी पुरेशी होती. मी गेल्या रविवारी गेले तेव्हा बागेच्या फाटकाला कुलूप होते आणि नळी आत त्याच जागी पडलेली होती.

वडिलांच्या आठ कुंड्यांना आता माळी पाणी घालतो. महिन्यापूर्वी एका हातात झारी घेऊन उठणारे वडील आता खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवतात. ही सुरक्षितता नेमकी कोणाची, रहिवाशांची की व्यवस्थापनाची, असा प्रश्न मला पडला आहे. माझे मत स्पष्ट आहे: उपक्रम बंद करून निवास सुरक्षित होत नाही, धोका फक्त बागेतून खोलीत जातो.

प्रतिसाद 1 (निवृत्त व्यवस्थापक)

ताई, तुमची तळमळ समजते, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. मी अशा निवासाचे काम 14 वर्षे पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगभरात सुमारे 6,84,000 माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि त्यांत साठीच्या पुढच्या व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचे हाड मोडलेली व्यक्ती पुन्हा पूर्वीसारखी चालेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

नळी हे निमित्त असेलही, परंतु ती उचलल्यावर उठताना येणारी चक्कर, झोपेच्या गोळ्यांची गुंगी, अधू झालेली नजर आणि रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम या गोष्टी उरतातच. त्यातच संध्याकाळी पाळी बदलण्याच्या वेळी मजल्यावर मोजकेच कर्मचारी असतात. तेव्हा काही घडले, तर पहिला फोन नातेवाइकांचाच येतो आणि पहिला प्रश्न असतो, “तुम्ही त्यांना एकटे जाऊ कसे दिलेत?” हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. व्यवस्थापन कठोर होते त्याला आपण मुलेमुलीही काही अंशी कारणीभूत असतो, हे नमूद करावेसे वाटते.

प्रतिसाद 2 (फिजिओथेरपिस्ट)

व्यवस्थापक महोदयांनी सांगितलेली कारणे खरी आहेत, परंतु त्यांवरचा उपाय कुलूप नाही. पडण्याचे प्रमाण कमी करणारा, सर्वात भक्कम पुरावा असलेला उपाय म्हणजे व्यायामच. 2019 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने या विषयावरील शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींशी जवळचे असे व्यायाम त्यात विशेष उपयोगी ठरले, आणि असे व्यायाम उभे राहून करायचे असतात. खुर्चीवर बसून हात वर-खाली करणे काहीच न करण्यापेक्षा बरे, पण तोल उभ्यानेच सुधारतो.

उलट बाजूही पाहावी. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील चरबीविरहित वजन सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. बाग बंद होणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे मान्य. परंतु ताईंच्या वडिलांचे दोन्ही हात टेकवून उठणे त्याच दिशेचे चिन्ह आहे. पडण्याची भीती वाटते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय माणसाला पाडतात.

धोका खरोखर शोधायचा असेल तर न्हाणीघरापासून सुरुवात करावी. तोल गेला की हात टॉवेलच्या दांडीकडे जातो आणि माणसाचे वजन पेलण्यासाठी ती दांडी बसवलेली नसते. मदतीच्या घंटेची दोरी फरशी पुसताना भिजू नये म्हणून वर गाठ मारून ठेवलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात त्या गाठीपर्यंत कसा पोहोचणार? ही दोरी जमिनीला जवळजवळ टेकलेलीच हवी.

प्रतिसाद 3 (एका रहिवासी आईचा मुलगा)

मी कुलपाच्या बाजूने लिहीत आहे. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. ती एकदा दुपारच्या कार्यक्रमाच्या गर्दीतून फाटकाबाहेर गेली आणि चार तासांनी सापडली. ते चार तास मी अजून विसरलेलो नाही. तुमच्या वडिलांना नळी दिसते आणि तिची तक्रार करता येते, माझ्या आईला ते जमत नाही. एकाच निवासात दोघेही राहत असतील तर नियम जो सर्वात असहाय आहे त्याला धरूनच करावा लागेल, असे मला वाटते.

प्रतिसाद 4 (स्वतः निवासात राहणारा, वय 78)

दादा, तुमच्या चार तासांविषयी वाचून वाईट वाटले. तरीही, सर्वात असहाय व्यक्तीला धरून केलेला नियम बाकीच्यांनाही असहाय करत जातो, हे मी येथे रोज पाहतो. नेदरलँड्समधील वेस्प येथे 2009 पासून स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ‘होगेवेक’ नावाची वस्ती आहे. तिच्या बाहेरच्या प्रवेशद्वारावर लक्ष असते, पण आतील गल्ल्या, बागा आणि दुकान यांमध्ये रहिवासी मोकळेपणे फिरतात. कुलूप असावे की नसावे यापेक्षा ते कोणत्या दाराला असावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

उपक्रमांच्या समर्थकांनाही माझे एक सांगणे आहे. मला सामूहिक गाणी आवडत नाहीत. कानाला यंत्र असल्याने पंचवीस जणांच्या आवाजात मला फक्त गोंगाट ऐकू येतो. तरीही ‘आजोबा, चला ना’ म्हणत मला रोज सभागृहात नेले जाते आणि हजेरीच्या वहीत बरोबरची खूण होते. माझा सहभाग त्या खुणेपुरताच असतो. मला एका माणसाबरोबर बुद्धिबळ खेळायचे आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला होता. एका गटाला आपले निर्णय आपण घ्या असे सांगून स्वतः निवडलेले रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या गटालाही रोप दिले, पण त्याची काळजी परिचारिका घेतील असे सांगितले. पहिला गट अधिक उत्साही आणि सजग राहिल्याचे आढळले. रोप दोघांनाही मिळाले होते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

प्रतिसाद 5 (निवृत्त व्यवस्थापक)

त्या प्रयोगात शंभरही माणसे नव्हती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु दोरीच्या गाठीबाबत मी निरुत्तर आहे; आमच्याकडेही ती तशीच बांधली जात असे. संध्याकाळच्या फिरण्याबाबत माझे मत कायम आहे: मनुष्यबळ नसताना परवानगी देणे बेजबाबदारपणाचे आहे. मात्र सकाळी, कर्मचारी पूर्ण संख्येने असताना, वाटा तपासून बाग उघडता येईल. जे धोका समजून घेऊन फिरू इच्छितात, त्यांची इच्छा त्यांच्या आणि कुटुंबाच्या सहीने नोंदवून ठेवावी. आणि ताई, सही करणाऱ्यांत तुम्हीही असाल, हे लक्षात ठेवावे.

धागाकर्ती

काका, ती सही मी करेन. वडील पडले तर मला अपराधी वाटेल, हे मला माहीत आहे आणि तरीही करेन. स्मृतिभ्रंशाबद्दल दादांनी लिहिलेले मी विचारात घेतले नव्हते. बागेचे आतले फाटक उघडे आणि रस्त्याकडचे राखलेले, अशी मागणी आता करणार आहे. शनिवारी व्यवस्थापनाबरोबर बैठक ठरली आहे. मुद्दे मी लिहून देते म्हटले, तर वडिलांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. त्यांनी पहिल्या ओळीत भिंतीतली खुंटी लिहिली आहे आणि ती किती उंचीवर हवी, तेही लिहिले आहे.