विजापुरात एकच दिवस, तोही थकलेल्या पायांनी: काय बघावं, काय सोडावं?

चाकोरी

डिसेंबरात मी आणि नवरा पुण्याहून हंपीला सायकलने निघतोय. सोमवारी सुरुवात. भिगवण, टेंभुर्णी, सोलापूर असे मुक्काम करत गुरुवारी संध्याकाळी विजापूर. शुक्रवार आरामाचा, शनिवारी पुढे बदामीच्या दिशेने.

आरामाचा म्हणजे माझ्या मते. नवऱ्याने त्या आरामाची एक्सेल शीट केली आहे! चौदा ठिकाणं, प्रत्येकासमोर मिनिटं, आणि फिरणं सायकलवरच, कारण "गाव सपाट आहे". मी आजवर सलग तीन दिवसांच्या वर सायकल चालवलेली नाही. पाचव्या दिवशी गुडघे कोणत्या भाषेत बोलतील ठाऊक नाही. शाळेच्या सहलीत गोलघुमट पाहिलाय, पण त्यातलं फक्त आमचं किंचाळणं आठवतं. वर जायला बरंच चढावं लागतं ना? जाणकारांनी सांगावं, यादीतलं काय ठेवू आणि काय उडवू. भांडण टळेल असं उत्तर मिळाल्यास उत्तमच.

घाटवेडा

गोलघुमट, सकाळी सहाला. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. नऊनंतर सहली येतात, मग भिंतीतून पलीकडे ऐकू येणारी कुजबुज राहते बाजूला आणि नुसता कल्लोळ.

आणि शुक्रवार म्हणताय तर घुमटासमोरच्या नगारखान्यातलं म्युझियम बंद असतं. यादीतलं एक तर असंच गेलं.

निवांतकाकू

चाकोरी, तुझा प्रश्न वाचून हसू आलं. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं याच रस्त्याने गेलो होतो. तेव्हा मी ५७, हे ६१. आमच्याकडे एक्सेल नव्हती, यांच्या खिशात डायरी होती. रोग तोच.

सोलापूर ते विजापूर साधारण १०० किलोमीटर. भीमा ओलांडली की कर्नाटक. तो टप्पा नकाशावर सरळसोट दिसतो, पण आम्हाला दिवसभर तोंडावर वारा होता आणि शेजारून उसाच्या ट्रॉल्या. लॉजवर पोचले तेव्हा पायऱ्या चढताना मी कठड्याला धरून सायकलला शिव्या घालत होते. म्हणून पहिली गोष्ट: शुक्रवारी उठल्याउठल्या कपडे धुवा. पॅडवाल्या चड्ड्या लवकर वाळत नाहीत, आणि ओलसर चड्डीवर बदामी गाठणं काय असतं ते मी इथे लिहिणार नाही. चेन पुसणं, तेल देणं हे यजमानांना दे. हात गुंतले की माणूस शांत राहतो.

दुसरी गोष्ट, साधी चप्पल सोबत ठेव. मी शंभर-दोनशे ग्रॅम वाचवायला चप्पल घरी ठेवली आणि क्लीटवाल्या (तळाला पेडलमध्ये अडकवायची खुंटी असलेल्या) सायकलच्या बुटांनी दगडी फरशीवर टकटक करत, घसरत फिरले. सगळे वळून बघत होते.

आता घुमट. वर जायचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून आहे, मनोरा सात मजल्यांचा. पायऱ्या उंच आणि अरुंद. चढताना मांड्या बोलतात, उतरताना गुडघे. तरीही जा. खालच्या दालनात आधी पाच मिनिटं नुसती मान वर करून उभी राहा: बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट आणि त्याखाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनी दालनाचा वर गोल केलाय आणि त्यावर तो बसवलाय. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, १६५६ साली पुरी झाली.

वर आतल्या बाजूने गोल सज्जा आहे. हे पलीकडे जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिले. मी अलीकडे टेकून बसले होते. दम लागलेला, पोटात काही नाही. स्वतःशीच पुटपुटले, "मरू दे ती हंपी, उद्या मी एसटीने घरी जाते." तर भिंतीतून उत्तर आलं, "सायकल टपावर चढवायला हमाल बघावा लागेल." मध्ये ३८ मीटरचं अंतर! घरी स्वयंपाकघरातून मारलेली हाक यांना हॉलमध्ये पोचत नाही. मग आम्ही बराच वेळ तिथेच बसून त्या भिंतीतून भांडलो. रोज किती किलोमीटर, कोणाच्या वेगाने, चहाला कधी थांबायचं, सगळं. समोरासमोर बोललो असतो तर आवाज चढला असता. तिथे चढवून उपयोग नाही, सगळं उलटून आपल्याच अंगावर येतं.

खाली उतरल्यावर यांनी डायरी पुढे केली. मी म्हटलं, अहो, आज सीटवर बसायचं नाही. गाव सपाट आहे हे खरं, पण सुट्टी पायांइतकीच बुडालाही हवी ना. टांगा मिळाला, घासाघीस करून ठरवला.

मुलुख-ए-मैदान तोफ बघाच. आपल्या अहमदनगरात १५४९ साली ओतलेली, वजन ५५ टन, तोंडाशी हत्तीला दाढेत धरलेला सिंह. परांड्याच्या किल्ल्यावरून ती विजापुरास आणली. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते म्हणे. आणि मी चप्पल घरी ठेवून आलेली! यांनी तिथे माझ्याकडे असं बघितलं की काही बोलायची गरज उरली नाही. शेजारचा उपळी बुरूज आम्ही खालूनच पाहिला. त्याच्या बाहेरून गोल फिरणाऱ्या पायऱ्या बघूनच मी टांग्यात परत बसले.

दुपार मात्र बारा कमानला काढ. अली आदिलशहा दुसरा याची ही कबर बापाच्या घुमटाला झाकोळायला काढली होती, असं सांगतात. पुरी कधीच झाली नाही. छप्पर नाही, नुसत्या काळ्या दगडांच्या कमानी रांगेने उभ्या. यांच्या डायरीत तिला दहा मिनिटं होती. मी एका कमानीच्या सावलीत पाठ टेकली आणि दीड तास झोपले. जागी झाले तर हे शेजारी घोरत होते, डायरी छातीवर. टांगेवालासुद्धा झोपला होता.

संध्याकाळी इब्राहिम रोजा. समोरासमोर मशीद आणि मकबरा, मध्ये हौद. खिडक्यांत दगड कापून अक्षरांची जाळी केली आहे, तिरपं ऊन पडलं की बघत बसावं. घुमट अंगावर येतो, रोजा येत नाही. मला विचारशील तर विजापूर म्हणजे रोजाच, पण यावर आमच्या घरात एकमत नाही.

बाकी डायरीतलं डायरीतच राहिलं.

मंगळवेढेकर

काकूंचा प्रतिसाद वाचून वाखु (वाचनखूण) साठवली.

एक भर. जुम्मा मशीद यादीत असेल तर शुक्रवारी दुपारी नको, नमाजाची वेळ. सकाळी घुमटावरून उतरलात की जाऊन या. तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतलेली. आत मोकळं, गार, बसायला बरं वाटतं.

जेवायला खानावळीत कडक भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाचटणी, वर दही. दोन-चार कडक भाकऱ्या बांधून घ्या, शनिवारी वाटेत कामी येतील, खराब होत नाहीत. आणि पुढे कोल्हारला कृष्णेचा लांब पूल लागतो. पुलावर फोटोसाठी थांबू नका, ट्रक अंगावर येतात. गावात मडक्यातलं दही मिळतं, तिथे थांबा.

घाटवेडा

काकू, उपळी बुरूज सोडलात? अख्खं गाव दिसतं वरून. असो. घुमटाच्या बाहेरच्या गच्चीवरून पण दिसतं.

निवांतकाकू

घाटवेडा, गच्चीवरून पाहिलं की. एका दिवसात एकच चढ, हा माझा नियम. तुमचं आयडीच सांगतंय तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चाकोरी

सगळ्यांचे आभार! नवऱ्याला धागा वाचायला दिला. त्याने काही न बोलता शीट उघडली आणि चौदाचे पाच केले: घुमट, जुम्मा मशीद, तोफ, बारा कमान, रोजा. बारा कमानसमोरची दहा मिनिटं खोडून नव्वद लिहिली आहेत. उपळी बुरुजापुढे प्रश्नचिन्ह आहे, तो एकटा जाणार म्हणे. जाऊ दे.

चपला घेतल्या आहेत. दोघांच्या मिळून चारशे वीस ग्रॅम, त्याने वजन करून पाहिल्या.