कृपादान स्वभाव बघून मिळतं का?

पेटीवाला:
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण शिबिरात यंदा 'तुमचं कृपादान ओळखा' अशी प्रश्नावली वाटली. कृपादान म्हणजे पवित्र आत्म्याने विश्वासणाऱ्याला दिलेली देणगी. माझी मुलगी मितभाषी, प्रत्येक गोष्टीत 'का' विचारणारी. तिच्या कागदावर 'शिक्षण' आलं. मागून कुणी म्हणालं, "म्हणजे आत्म्याचं काही नाही." घरी येऊन रडली पोर.

देणारा आत्मा एकच, पण ज्याच्या हाती दान पडतं त्याच्या विचारांच्या धाटणीतूनच ते बाहेर येतं, असं माझं मत आहे. नीलकंठशास्त्री गोरे काशीचे पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन बसले. पुढे साक्ष दिली तीही षड्दर्शनांची, म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा शाखांची, चिकित्सा करून. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांची साक्ष अभंगांत उतरली. गोऱ्यांकडे कुणी अभंग मागत नाही. मग माझ्या मुलीनेच हात उंचावून मोठ्याने प्रार्थना का करावी?

मागचा बाक:
दादा, मुलीला बोलले ते चुकलंच. पण गोरे आधीही तर्कशास्त्री होते, टिळक आधीही कवी. मग आत्म्याने नवीन काय दिलं? उपजत हुशारीलाच कृपादान म्हणायचं, तर येशूचा शिष्य झालेल्या कोळी पेत्राने मासेच धरत राहायला हवं होतं. माझी आजी निरक्षर, चारचौघांत तोंड न उघडणारी. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला बसली की आम्हालाच ती ओळखू यायची नाही. ती धाटणी तिची नव्हती.

पेटीवाला:
आजींचं वाचून थांबलो जरा. तरी देवाने बोलावल्यावरही मोशेची जीभ जडच राहिली ना? म्हणून तर बोलायला भाऊ अहरोन सोबत दिला.

केडगावची लेक:
केडगावच्या मुक्ती मिशनला विसरलात दोघंही! १९०५ मध्ये तिथे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, आलं. मुली रडत, सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करत, पुढे काही अन्य भाषांतही, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलल्या. चालवणाऱ्या कोण, तर पंडिता रमाबाई! संस्कृतात मुरलेल्या, शब्द तोलून वापरणाऱ्या. त्यांनी मुलींना गप्प केलं नाही, उलट त्यांची बाजू मांडली. आणि स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या, ते काम १९२२ मध्ये मरणाच्या दारापर्यंत नेलं. छपाईचे खिळे जुळवले मुक्तीतल्या बायकांनीच.

पेटीवाले दादा, राग मानू नका. 'ती मितभाषी, तिला हे जमायचं नाही' असं तुम्ही ठरवलंत, तर त्या प्रश्नावलीने वेगळं काय केलं?

मागचा बाक:
हेच म्हणायचं होतं. प्रेषित पौल गमलिएल या यहुदी गुरूच्या पायाशी शिकलेला, मुद्द्याला मुद्दा जोडणारा. तोच करिंथकरांना पहिल्या पत्रात सांगतो की मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक अन्य भाषा बोलतो.

पेटीवाला:
आणि लगेच पुढच्या ओळीत मंडळीत बुद्धीने बोललेले पाच शब्द बरे म्हणतो, तेही वाचा. पण ताई, तुमचं बोलणं लागलं. मुलीसाठी भांडता भांडता मीच तिला एका खणात बसवलं.

काल तिला त्याच पत्राचा तो चौदावा अध्याय वाचायला दिला. तिने विचारलं, "अन्य भाषेचा अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं, असं इथे लिहिलंय. मग आपल्याकडे अर्थ कोण सांगतं?" मला आठवेना. रविवारी ती पाळकांना विचारणार आहे, मी सोबत जातोय.