नरकासुराचा जबडा कोण हलवतो?

पणजीकर: गोव्यात कला आणि एआयचं केंद्र एखाद्या बड्या कंपनीनेच उभारावं. वाड्यावरची पोरं अजून दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याला कागद-पेंढा चिकटवत बसतात, त्यांना तंत्रज्ञान शिकवणार कोण?

डिचोलीकर: पणजीकरबाब, हे वाचून गप्प बसवेना. आमच्या नरकासुराचा जबडा उघडतो-मिटतो. भंगारातल्या गाडीची वायपर मोटर आणि १२ व्होल्टची बॅटरी, एवढ्यावर. त्या मोटरीत वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक असतं, म्हणून ती फिरते सावकाश पण ओढते जोरात. क्रँक, म्हणजे वाकडा दांडा, जोडला की गोल फिरणं मागेपुढे होतं. गॅरेजात कामाला जाणाऱ्या पोराने हे बसवलं, मग धाकट्यांना शिकवलं. पहाटे जाळायच्या आधी मोटर, वायरी सगळं काढून घेतात, पुढच्या वर्षाला. कंपनीच्या दालनात डोळ्यांवर आभासी दृश्यं दाखवणारा चष्मा चढवून दुसऱ्याने केलेलं बघायचं, आणि आत काय आहे ते उघडून पाहायची सोय नाही. द्यायचंच असेल तर पंचायतीच्या हॉलात वेल्डिंग मशीन द्या, मोटर-दिवे हवे तसे चालवायला प्रोग्रॅम करता येणारे आर्डुइनोचे छोटे बोर्ड द्या. २००५ साली इटलीत डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी निघालेला बोर्ड तो, आराखडा सगळ्यांना खुला.

पणजीकर: आणि पैसा? २०१६ पासून पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो तो उद्योगपती सुनील कांत मुंजाल यांच्या प्रतिष्ठानामुळे. माझ्या मुलीने कलेतली यंत्रं पहिल्यांदा तिथे पाहिली. वाड्याच्या वर्गणीत हे झालं असतं?

फोंडेकर: मोटरीचं कौतुक चाललंय, नरकासुराच्या रात्री वाजणाऱ्या डीजेचं कोण बोलणार? वडिलांची बायपास होऊन महिना झाला नव्हता. रात्रभर खिडकीच्या काचा थरथरत होत्या, ते छातीवर उशी धरून बसून राहिले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पाळतो कोण?

कुडचडेकर: वर्षातून एक रात्र पोरं जागतात तीही बघवत नाही?

फोंडेकर: एक रात्र? आठवडाभर आधीपासून साउंड चेक चालतो! तुमच्या घरात आजारी माणूस असता तर ही भाषा निघाली नसती.

कुडचडेकर: घरातली माणसं मध्ये आणू नका.

पेडणेकर: भांडण बाजूला ठेवा. माझ्या आईचं बोलणं फोनला कळत नाही, ती पेडण्याची मराठी बोलते. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाचा कॉमन व्हॉइस प्रकल्प, यंत्रांना बोली कळावी म्हणून, २०१७ पासून लोकांकडून आवाज गोळा करतो, त्यात मराठी आहे. वाचनालयात बसून आपल्या बायकांनी आवाज दिले तर?

पणजीकर: तो सगळा साठा सीसी-झिरोखाली, म्हणजे कोणीही विनाअट वापरावा अशा परवान्याखाली जातो, ताई. म्हणजे बड्या कंपन्याच तो फुकट उचलणार. मग कंपनीशी उघड करार केलेला काय वाईट?

पेडणेकर: उचलतील, ते खरं. पण तोच साठा वाळपईच्या कॉलेजातली मुलंही घेऊ शकतात. कंपनीच्या कपाटात गेला तर त्यांना दिसणारही नाही.

डिचोलीकर: मुंजालांच्या प्रतिष्ठानाने केलं ते चांगलंच, नाकारत नाही. पण डिसेंबरात मांडव उतरल्यावर पोरांच्या हाती काय उरतं, ते सांगा. फोंडेकर, १० नंतर आवाज बंद, हे वाड्याच्या बैठकीत मी मांडतो. मोटर बसवणाऱ्या पोरांना त्यात ओढू नका.

फोंडेकर: बैठकीत काय ठरलं ते इथे लिहा. तोवर नरकासुराला दमडी देणार नाही. वेल्डिंग मशीनसाठी वर्गणी काढलीत तर माझं नाव घाला.