'भावांनो' म्हटलं की बायका त्यात येतात का?

करवीरकर: काल पुण्यातल्या एका ताईंची पोस्ट आली, "ग्रुपात बायकाही असतात, भावांनो म्हणणं बंद करा, मंडळी म्हणा." डोकंच सटकलं. ताई, कोल्हापुरात भावा म्हणजे पुरुष न्हवं. माझी सख्खी बहीण मैत्रिणीला फोनवर म्हणते "भावा, जेवलीस काय?" आणि पलीकडनं ती "जेवलो की!" रिक्षावाला भावा, मास्तर भावा, दारातलं मांजरसुद्धा भावा. आणि मंडळीचं म्हणाल तर आमचे आजोबा "मंडळी माहेरी गेल्यात" म्हणायचे, म्हणजे एकटी आजी!

पेठेतनं_थेट: नाद खुळा 😂

राजारामपुरीची: एकीला भावा म्हणणं वेगळं, तीस जणांना भावांनो वेगळं. ऑफिसात मेसेज पडला, "भावांनो, शनिवारी पन्हाळा, पहाटे पाचला निघायचं." आम्हा चौघींना कळंना, आपल्याला बोलावलंय का नाही. विचारलं तर "तुम्ही पण भाऊच की." उद्या कुणी "बहिणींनो, चला" म्हटलं तर बसाल गाडीत?

करवीरकर: तांबडा-पांढरा असंल तर बसतो.

शुद्धिपत्र: मराठीत सोय आहेच. दोघे पुरुष, दोघी बायका, एकेक असले की दोघं. मुलगे-मुली मिळून मुलं. नपुंसकलिंग त्यासाठीच आहे. पूर्वी दोघें असं टिंब द्यायचे, १९६२च्या नियमांत न उच्चारलेले अनुस्वार गेले आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसायला लागले.

उचगावकर: टिंब ऱ्हाऊ दे, आम्हा बायकांच्या "आलो"चं बोला. पुण्यात मुलाखतीला "मी सकाळीच आलो" म्हटलं, तर समोरच्या बाई फाईल तोंडावर धरून हसल्या. मग वर्षभर "आले, गेले" घोटलं. आता गावाकडं फोनवर चुकून "आले" निघालं की आई म्हणते, "आलं? चहात घालायचं काय?"

शुद्धिपत्र: हसायला नको होतं. पण बाईनं "आलो" म्हणणं चूकच.

उचगावकर: चूक?? माझी आई, आजी, मावश्या, सगळ्या जन्मभर चूक बोलल्या व्हय? तुमच्या सदाशिव पेठेत ठेवा ते व्याकरण.

शुद्धिपत्र: मी गडहिंग्लजचा आहे.

पेठेतनं_थेट: 😂😂 मग तर लईच वाईट

शुद्धिपत्र: बरं, घरात बोला. अर्जात लिहू नका.

उचगावकर: उपकार झाले. अर्जात "आलो" कोण लिहितंय?

करवीरकर: अरे मूळ विषय कुठं गेला? बहिणीला विचारलं. म्हणाली, "मला चालतंय, पण बारशाच्या मेसेजात भावांनो लिहिशील तर सासूबाई वाचतील." ट्रिपचा मेसेज चुकला, मान्य. "सगळ्यांनी या" लिहायचं. झालं समाधान?

राजारामपुरीची: एवढंच तर कवाधरनं म्हणत होतो.

शुद्धिपत्र: होते.