ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

प्रश्न (कोथरूड, पुणे)
नमस्कार. माझी भाची या उन्हाळ्यात नॉर्वेतील ट्रोम्सोहून स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येनला विमानाने जाणार आहे. मोबाइलवरील नकाशात हे अंतर पुणे-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट दिसते, वेळापत्रकात मात्र सुमारे एक तास चाळीस मिनिटेच दाखवली आहेत. दिल्लीला जायलाच आपल्याला दोन तास लागतात. दोन्हीकडची घड्याळे वेगळी असल्यामुळे हा वेळ कमी दिसतो का? शिवाय ओस्लोपासून एकूण किती वेळ धरावा?

उत्तर १
घड्याळाचा येथे काहीही संबंध नाही, कारण स्वालबार्डमध्ये नॉर्वेचीच प्रमाणवेळ चालते. फसवतो तो नकाशा. मोबाइलवरील बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका पद्धतीवर) बेतलेले असतात आणि त्यात ध्रुवाकडे जावे तसे अंतर ताणले जाते : ६० अक्षांशावर दुप्पट, तर लाँगइयरब्येनच्या ७८ अक्षांशावर जवळजवळ पाचपट. आता साधा हिशेब करून पाहा. ट्रोम्सोचा विमानतळ सुमारे ६९.७ उत्तर अक्षांशावर आहे, लाँगइयरब्येनचा ७८.२ वर, म्हणजे फरक साडेआठ अंशांचा, आणि एका अंशाला साधारण १११ किलोमीटर. रेखांशातील थोडा फरक धरून अंतर ९६० किलोमीटरच्या आसपास येते. पुणे आणि दिल्ली यांच्या अक्षांशांतच दहा अंशांचा फरक आहे आणि तेथील हवाई अंतर ११५० किलोमीटरच्या घरात जाते. आपल्या भाचीचा टप्पा दिल्लीपेक्षा जवळचाच आहे.

उत्तर २
वरील हिशेब बरोबर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वा तासात कापले जावे, असे कोणालाही वाटेल. परंतु वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे यांचा वेळही त्यात येतो.

उत्तर ३
खरा वेळ हवेत नव्हे, जमिनीवर जातो. ओस्लो ते लाँगइयरब्येन अंतर सुमारे २००० किलोमीटर असून थेट विमानाला जेमतेम तीन तास लागतात. ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातून मात्र प्रवाशांना हातातील सामानासह खाली उतरून पारपत्र तपासणी करून घ्यावी लागते आणि मग पुन्हा विमानात बसावे लागते, म्हणून साडेचार ते पाच तास धरावेत. ही तपासणी असते, कारण स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे. यातून निघणारी गोष्ट वेळेपेक्षाही महत्त्वाची आहे : परतताना शेंगेन क्षेत्रात पुन्हा प्रवेश करावा लागतो, तेव्हा भाचीच्या व्हिसावर किमान दोन प्रवेशांची परवानगी आहे ना, हे आजच पाहून घ्यावे. धुके किंवा वादळ असल्यास विमान मुख्य भूमीकडे परत वळू शकते, त्यामुळे परतीच्या आंतरराष्ट्रीय तिकिटाआधी एक दिवस मोकळा असलेला बरा.

प्रश्नकर्ते
सर्वांचे आभार. व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला. सोमवारी व्हिसा केंद्रात चौकशी करतो.